शालिग्राम टेलरची सभासद-मोजणी

मेडशीच्या रेडिओ श्रोता संघाएवढा मोठा संघ अख्ख्या वऱ्हाडात नाही, याबद्दल शालिग्राम टेलरला तिळमात्र शंका नव्हती. एकसष्ट सभासद! फर्माइशीचं कार्ड गेलं की नावं वाचता वाचता निवेदिकेला धाप लागायची. शेजारच्या मालेगावच्या संघाचे पंजाबराव एक दिवस दुकानात आले आणि आमचे सत्तर हायेत म्हणून टेचात सांगू लागले. यापुढं दोघांचं मिळून एकच कार्ड जाऊ द्या, ज्याचे सभासद जास्त त्याच्या गावाच्या नावानं, असंही त्यांनी सुचवलं. सत्तर ही नुसती बढाई, असं समजून शालिग्रामनं छाती फुगवून हो म्हटलं. रविवारी याद्या वाचायच्या ठरल्या. हरलं तर मेडशीचं नाव रेडिओवरून कायमचं जाणार होतं.

नुसती नावं काय वाचायची, म्हणून शालिग्रामनं वहीची पानं फाडून घरोघर वाटली. नाव, वय, धंदा, आवडतं गाणं लिहून द्या!

पानं भरून आली आणि गड्याला घाम फुटला. तेरा सभासद अजून रांगत होते. सर्जा आणि पवळ्या, वय सहा आणि सात, धंदा वखर ओढणं. हे जगदेवचे बैल! गावभरचे मिळून असे सहा निघाले. काहून लिवले म्हणून विचारलं, तर जगदेव म्हणे, रेडिओवर नाव आलं की कान टवकारतात, मंग सभासद नाहीत तं काय. सोजरबाईनं सुनेचं नाव दिलेलं, वयाची जागा कोरी. सुनेचं नाव सासूनं ठेवायचं, ते तिनं ठरवून टाकलं होतं. पोरगी पाहणं तेवढं बाकी होतं!

शालिग्रामनं कपाळावर हात मारत वीस नावं खोडली. एकेचाळीस उरले. त्यातलं देवमनचं पान त्याच्या बायकोनं, वच्छलाबाईनं भरलेलं, आणि देवमनला जाऊन वर्ष झालं होतं. तेही खोडायचं म्हणून तो तिच्या दारात गेला.

"खोडा भाऊ," ती म्हणाली. "पण त्यायचं नाव रेडिओवर आलं की मी डोक्यावर पदर घेतो. तेवढंच वाटते, घरी आले म्हून."

 शालिग्राम पेन खिशात घालून परतला.

रविवारी दुकानापुढं गाव जमलं. शालिग्रामनं खाली मान घालून खरी यादी वाचली. देवमनचं नाव येताच पंजाबरावांनी हटकलं. "हे कुठं हायेत? बलवा त्यायले."

"ते येत नाहीत. आयकतात फक्त."

पंजाबरावांनी पाहिलं. वच्छलाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला होता.  आता गेलं आपलं गाव, असं शालिग्रामच्या मनानं घेतलं.

पंजाबरावांनी स्वतःच्या यादीची सावकाश घडी केली.

"कार्ड मेडशीच्याच नावानं टाका," ते म्हणाले. "आमच्या सत्तरात एकतीस म्हशी हायेत."