तोआदेरच्या मेंढ्यांना जंत नव्हते

तोआदेरच्या मेंढ्यांना जंत नव्हते. ही गोष्ट तोआदेरने स्वतः, ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी, चर्चच्या आवारात अकरा घरांच्या मेंढीवाल्यांसमोर सांगितली होती, म्हणजे ती खरीच असणार.

त्या दिवशी तालुक्याहून गुरांची डॉक्टरीण आली होती. प्रार्थना संपल्यावर तिने सगळ्यांना पायऱ्यांवर थांबवलं आणि यंदा हिवाळा ओला गेला, खालच्या कुरणांत पाणी साचलं, तेव्हा मेंढ्यांच्या काळजात, म्हणजे यकृतात, चपटे जंत झालेले असणार, असं सांगितलं. प्रत्येक घराला औषधाची एक बाटली फुकट दिली. आजच्या आज पाजा, म्हणाली. औषधानंतर दहा दिवस त्या मेंढीचं दूध माणसाच्या पोटात जाता कामा नये. दूधमोजणीला अजून तीन आठवडे आहेत, म्हणजे काळजी नाही.

तोआदेरने टोपी काढली, पुन्हा घातली आणि आपल्या मेंढ्या वरच्या खडकातल्या झऱ्याचं पाणी पितात हे तिच्या नजरेस आणून दिलं. "जंत होतात ते दुपारपर्यंत गवतावर लोळणाऱ्यांच्या मेंढ्यांना," तो म्हणाला आणि आपल्या मेहुण्याकडे बघत राहिला.

मेहुणा पिंतेआ त्या वेळी चर्चच्या भिंतीला टेकून उन्हात डोळे मिटून उभा होता. त्याला वाटलं, अजून प्रार्थनाच चालू आहे.

मग बाकीच्यांनाही आपापल्या मेंढ्या कुठलं पाणी पितात ते आठवलं. पालागा म्हातारीच्या मेंढ्या तर म्हणे पाणी पीतच नव्हत्या, दवावर जगत होत्या. खुद्द पाद्रीबाबांनीही आपल्या सात मेंढ्यांविषयी दोन चांगले शब्द सांगितले. बाटल्या मात्र सगळ्यांनी घेतल्या. फुकट होत्या.

आता दूधमोजणी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण तोआदेरची झोप तिच्यावर टांगलेली होती. उन्हाळाभर सगळ्या घरांच्या मेंढ्या एकत्र डोंगरावर जातात, सगळ्यांचं दूध एका कढईत पडतं आणि चीज एकच बनतं. ते वाटायचं कसं? तर मे महिन्यात एका दिवशी प्रत्येकाने आपल्या मेंढ्या सगळ्यांसमक्ष पिळायच्या. थोरला मेंढपाळ चरवीत खाचांची काठी बुडवून बघतो. त्या दिवशी ज्याचं जेवढं दूध, तेवढा त्याचा उन्हाळाभराचा वाटा. आणि ज्याचं सगळ्यांत जास्त, त्याची चीजची पाळी पहिली.

तोआदेरला ती पहिली पाळी हवीच होती. जूनअखेर सेंट पीटरच्या सणाला त्याच्या मुलीचं, नास्तासियाचं लग्न होतं आणि पलीकडच्या खोऱ्यातून दीडशे वऱ्हाडी येणार होते. मेंढीचं चीज मुरायला चांगला महिना लागतो. पहिल्या पाळीचं लग्नात ताटात येतं. दुसऱ्या पाळीचं वऱ्हाड घरी गेल्यावर. गेल्या वर्षी तोआदेरची पाळी तिसरी होती. आणि मेंढीवाल्याने पोरीच्या लग्नात दुकानातलं चीज वाढायचं, तर मग त्याने मुलगी दारावरूनच हळूच निरोप देऊन पाठवावी, वऱ्हाड बोलावू नये, असं तोआदेरचं स्पष्ट मत होतं. ते त्याने व्याह्यांनाही कळवलं होतं.

मोजणीच्या आदल्या दिवशी दुपारी तो मेंढ्यांची लोकर विंचरत होता. सगळ्यांत दुधाळ मेंढीने मान वर केली, तर तिच्या जबड्याखाली पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी सूज लोंबत होती. त्याने तिची पापणी उलटून पाहिली. आतून कागदासारखी पांढरी. दुसरीची पाहिली. तिसरीची पाहिली. मग पाहायचं थांबवलं.

"अहो," त्याची बायको दोकिया कुंपणापलीकडून म्हणाली, "ते खडकातलं पाणी बाधलं वाटतं."

 तोआदेरने फळीवरून बाटली काढली. पुढचे तीन तास दोघांनी मिळून अठ्ठावन्न मेंढ्या एकेक करून गुडघ्यांत धरल्या, जबडा उघडला आणि औषध घशाखाली ढकललं. दाराला आतून कडी होती. मेंढ्यांना खोकला आला की दोकिया मोठ्याने खोकायची, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं तिलाच झालाय.

शेवटच्या मेंढीच्या वेळी दोकियाने विचारलं, डॉक्टरीणबाई दुधाचं काहीतरी म्हणाल्या होत्या ना?

"ते पिण्याबद्दल," तोआदेर म्हणाला. "उद्या दूध मोजायचं आहे. मोजणं म्हणजे पिणं नव्हे."

हे इतकं बरोबर होतं की दोकियाने शेवटच्या मेंढीचा जबडा उघडून धरला.

मोजणीचा दिवस लख्ख उजाडला. डोंगराच्या पायथ्याशी सगळं गाव जमलं होतं. शेकोट्यांवर कोकरू भाजत होतं, आलुबुखाऱ्याची दारू फिरत होती, पाद्रीबाबांनी कळपावर पवित्र पाणी शिंपडलं होतं. डॉक्टरीणबाईंनाही मानाने बोलावलं होतं आणि त्या ताट घेऊन ओंडक्यावर बसल्या होत्या. थोरला मेंढपाळ सिमिओन काका खाचांची काठी घेऊन उभा होता. पंचेचाळीस वर्षं तो ही काठी धरत होता आणि या पंचेचाळीस वर्षांत त्याच्या तोंडावर कुणाच्या चरवीबद्दल आनंद किंवा दुःख दिसलं नव्हतं.

पिंतेआची चरवी आधी मोजली. चार खाचा. सेहेचाळीस मेंढ्यांच्या मानाने हे दूध म्हणजे मेंढ्यांनी नुसतं तोंडदेखलं दिलेलं होतं. तोआदेर पुढे होऊन सहानुभूतीने म्हणाला की गवतावर कमी लोळत जा. पालागा म्हातारीच्या सात खाचा. पाद्रीबाबांच्या तीन, पण मेंढ्याच सात होत्या. असं करत सगळ्यांत शेवटी तोआदेर.

अकरा खाचा.

गर्दीतून हुंकार आला. तोआदेरने मिशीवरून हात फिरवला. त्याला मांडवात ठेवलेली चीजची गोल ढेपच दिसायला लागली होती, आणि तिच्याकडे बघून मान डोलावणारे व्याही.

मग सिमिओन काकाने मोठी तांब्याची कढई चुलीवर चढवली. अकरा चरव्या ओळीने मांडल्या. रिवाजाप्रमाणे आधी मोजलेलं दूध आधी ओतायचं म्हणून पिंतेआच्या चार खाचा कढईत गेल्या. आणि सिमिओन काकाची गरोदर सून पेला घेऊन कढईजवळ येऊन बसली. मोजणीच्या कढईतला पहिला कोमट पेला गावातल्या गरोदर बाईला द्यायचा, हाही रिवाज. तिच्यामागे पोराबाळांची रांग, प्रत्येकाच्या हातात वाटी.

मोजणं म्हणजे पिणं नव्हे, हे तोआदेरचं म्हणणं अजूनही बरोबर होतं. पण मोजल्यानंतर काय करतात, हा विचार त्याने केला नव्हता. आयुष्यात बावन्न मोजण्या पाहिलेल्या माणसाने केला नव्हता.

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आपली चरवी उचलून हळूच चालायला लागला.

सिमिओन काकाने मागे न वळता विचारलं, "कुठे?"

तोआदेर म्हणाला, दुधात माशी पडलीय, काढून आणतो. सिमिओन काका आला, चरवीत पाहिलं, माशी नव्हती. चरवी परत ओळीत गेली. मग तोआदेरने जरा रमतगमत चालत ओळीशी येऊन अडखळायचा बेत केला. अडखळला झकास, पण चरवी कलंडायच्या आत सिमिओन काकाने ती कानाला धरून उभी केली. एक थेंब सांडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोआदेर गवतात पडला होता तिथूनच त्याने जाहीर केलं की हे सगळं दूध त्याने चर्चला नवस म्हणून बोललं आहे, तेव्हा ते कढईत घालता येणार नाही. पाद्रीबाबांना गहिवरून आलं. त्यांनी त्याला उठवलं, कपाळावर क्रूस काढला आणि नवसाचं दूध आधी गरोदर बाईला, मग लेकरांना मिळालं तर देवाला जास्त आवडेल, असं सांगून चरवी स्वतः उचलली. ते बघून दोकियाने डोक्याचा रुमाल तोंडावर ओढून घेतला.

पाद्रीबाबा कढईपाशी पोचले. सुनेने पेला पुढे केला.

"त्यांना जंत आहेत," तोआदेर म्हणाला.

सगळे थांबले.

"माझ्या मेंढ्यांना. होते. काल औषध पाजलं. सगळ्यांना. हे दूध कुणी पिऊ नका."

 तोआदेरने टोपी काढली आणि ती पुन्हा घालायचं त्याला सुचेना. वाटा गेला, पाळी गेली, लग्नातलं चीज गेलं. आता फक्त लोक काय फेकून मारतात ते पाहायचं राहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी ताट खाली ठेवलं. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त वाईट होतं. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "आणखी कुणी?"

कुणी नाही. सगळे डोंगर बघायला लागले.

 मग पालागा म्हातारी पुढे आली, तिने आपली चरवी उचलली, पदर सावरावा तसा रुमाल सावरला आणि परत गेली. तिच्यामागून तिचा शेजारी. मग आणखी तिघे, एकदमच, एकमेकांना धक्का देत. ज्यांनी काल दाराला आतून कडी लावली होती ते सगळे आले आणि आपापली चरवी घेऊन गेले. लग्नाच्या आदल्या दिवशी बूट पुसावेत तसं प्रत्येकाने मोजणीच्या आदल्या दिवशी औषध पाजलं होतं, म्हणजे मेंढ्या ताज्यातवान्या दिसतील. सगळ्यात शेवटी पाद्रीबाबांनी तोआदेरची चरवी त्याच्या हातात दिली आणि स्वतःची उचलली, दोन बोटांनी, जणू कुणीतरी विसरून गेलेली वस्तू आहे.

ओळीत एकही चरवी उरली नाही. डॉक्टरीणबाई पिंतेआकडे वळल्या. त्याने कधी औषध पाजलं?

पिंतेआने बराच विचार केला. बाटली त्याने कुठेतरी ठेवली होती, एवढं त्याला नक्की आठवत होतं.

मग बाईंनी सांगितलं की जंत मेंढीच्या काळजात असतात, दुधात उतरत नाहीत, तेव्हा कढईतलं दूध उकळून खुशाल प्या. सुनेला पेला मिळाला. पोरांना अर्धी अर्धी वाटी.

सिमिओन काका मात्र कढईकडे बघत उभा होता. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कपाळावर आठी होती.

"कढईत पडलं ते मोजलं गेलं," तो म्हणाला. "दुसरं दूध नाही. म्हणजे उन्हाळ्याचं सगळं चीज पिंतेआचं."

लोकांना आधी हसू आलं. मग आठवलं की सिमिओन काका कधी थट्टा करत नाही. रिवाज असाच होता. फेरमोजणी करायची तर ज्याचं दूध कढईत आहे त्या सगळ्यांचा होकार लागतो, आणि ज्याचं होतं तो एकटाच कोकराची बरगडी चोखत बसला होता.

पुढच्या अर्ध्या तासात गावाला पिंतेआचे गुण दिसले. कुणी त्याला ओंडका आणून दिला, कुणी दारू भरली, पालागा म्हातारीने तो लहानपणी किती गोड होता ते सांगितलं. पाद्रीबाबा म्हणाले की विश्रांती हाही एक सद्गुणच आहे. तोआदेर सगळ्यांत मागे उभा होता. दोकियाने त्याला पाठीत कोपर मारून पुढे ढकललं.

पिंतेआ चांगल्या मनाचा माणूस. सगळ्या डोंगराचं चीज सांभाळायचं म्हणजे फार उठबस, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. तो म्हणाला की बारा दिवसांनी परत मोजा, माझं काही म्हणणं नाही. पण तेवढ्यात माझ्या मेंढ्यांनाही औषध पाजायला हवं ना, आणि माझी पाठ ही अशी.

"दाजी," तो तोआदेरला म्हणाला, "तुमचा हात बसलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोआदेरने पिंतेआच्या सेहेचाळीस मेंढ्या गुडघ्यांत धरल्या. दार उघडं होतं. कुंपणावर गाव बसलं होतं. पिंतेआ गवतावर पडून, कुठली पाजून झाली आणि कुठली राहिली, ते सांगत होता, आणि दोनदा चुकला.

आता जन्मात पहिल्यांदा ज्यांच्या पोटातले जंत गेले, त्या मेंढ्यांचं काय होतं हे तोआदेरने आधी विचारात घ्यायला हवं होतं. पिंतेआच्या मेंढ्या अशा खायला लागल्या की कुरण मागे सरकताना दिसायचं. फेरमोजणीला सिमिओन काकाने काठी बुडवली, बाहेर काढली, पुसली आणि पुन्हा बुडवली. तेरा खाचा. तोआदेरच्या बारा. पहिली पाळी पिंतेआची.

लग्नात चीज मात्र आलं. मोठ्ठी पिवळी ढेप, बरोबर महिना मुरलेली. पिंतेआने भाचीला आहेर म्हणून दिली होती आणि तसं तो प्रत्येक मेजापाशी जाऊन सांगतही होता, पण तो पलीकडच्या टोकाला होता तेव्हा व्याह्यांनी एक मोठा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि तोआदेरला विचारलं की असं चीज आमच्या खोऱ्यात होत नाही, हे तुमच्या मेंढ्यांचंच ना?

तोआदेरला खोटं बोलायचं नव्हतं. त्या मे महिन्यानंतर त्याने ते सोडलंच होतं. पण सगळंच श्रेय मेहुण्याला जावं, हेही त्याला पटेना.

"मेंढ्या मेहुण्याच्या," तो म्हणाला. "जंत मी काढले."

व्याह्यांचं चघळणं थांबलं.