मुटकेनानांचा रॅक

मुटकेनाना माणसाला नमस्कार करत नाहीत. थेट विचारतात, "तुमच्या भाषेत पुढं लावत्यात का मागं?"

आमच्या संत तुकाराम नगरच्या बागेत या प्रश्नातून कोणी सुटलेलं नाही. इडलीवाला अण्णा बिचारा म्हणाला, "सर, चटणी साथ में लगाते." नानांनी त्यालाही सोडलं नाही. तमिळमध्ये बहुतेक सगळं शब्दाच्या मागं लागतं हे कळल्यावर ते हळहळले. "म्हंजे शब्द संपेस्तवर पत्ताच लागत न्हाई. अवघड हाय."

चाकणच्या एका कंपनीत नाना स्टोअरला होते, मी माल तपासायला. चांगला माल नापास आणि फुटका पास करण्यात माझा हातखंडा. नाना मात्र पार्ट नंबरची पहिली दोन अक्षरं ऐकूनच रॅक सांगायचे. रिटायर झाल्यावर ती खोड शब्दांवर गेली. "गैरहजर, बेशिस्त, रिवर्क. पुढचं तेवढं बघायचं राव! 'गैर' अरबी, 'बे' फारसी, 'रि' इंग्रजी. एकाच शिफ्टला तीन गावचे कामगार."

"आणि तिन्ही शब्द माझ्याच सर्व्हिस बुकात," मी म्हणालो.

"व्हय. तूच शिकीवलंस."

नानांचा एकुलता एक सचिन टांझानियात मशिनी बसवायला गेला होता. तिथल्या नीमा नावाच्या नर्सशी लग्न केलं, मुलगी झाली. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन तो तिथंच वारला. नानांकडे पासपोर्ट नव्हता. सगळं तिकडंच उरकलं.

त्यानंतर वर्षभरानं नाना बागेत पुटपुटायला लागले. "किती, किताबू, किकोंबे, कितांडा." भाजीवालीनं 'किती' ऐकून मेथीचा भाव सांगितला. चौकशी करणाऱ्यांना मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की हा ब्लड प्रेशरवरचा मंत्र आहे. दुसऱ्या दिवशी दोन काकू कट्ट्यावर डोळे मिटून "किकोंबे, किकोंबे" करत बसलेल्या. त्यातल्या एकीचं प्रेशर खरंच उतरलं. तिनं मला डब्यातून लाडू आणून दिले. मी खाल्ले.

शेवटी नानांनाच विचारलं.

"स्वाहिली हाय," ते म्हणाले. "आरं, लई शिस्तीची भाषा. सगळं पुढं! वस्तूंच्या एका रॅकवर पुढं 'कि'. एकाच्या दोन झाल्या, की 'कि' काढायचा, 'वि' लावायचा. किती म्हंजे खुर्ची, विती म्हंजे खुर्च्या. किताब अरबस्तानातनं आली, पण पुढं 'कि' दिसला. तिकडचे म्हनले, ही तर आपलीच! घेतली रॅकवर."

"आणि माणसं?"

"मानसांचा रॅक येगळा. त्यो मागनं. आधी वस्तू."

"पण कशाला हा उपद्व्याप?"

"आशीसाठी. नात माझी. पाच वर्सांची हाय. तिला मराठी येत न्हाई. सून म्हनली, पोरगी बापाला इसराया लागलीय."

"अहो, मग मोबाईल भाषांतर करून देतो की!" मी अक्कल पाजळली.

"दिलं त्यानं. बाईच्या आवाजात बोलला. पोरगी म्हनली, ह्यो आजोबा न्हाई."

पुढच्या रविवारी मी नानांची शिडी परत द्यायला गेलो. दार उघडं होतं. फोनमध्ये बारीक वेण्यांची एक पोर भराभर काहीतरी बोलत होती आणि नाना तळहात कानाला लावून धडपडत होते. "हळू बोल की गं," ते चक्क मराठीत म्हणाले. पोरगी थांबली. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा यूको वापी?"

नाना वळले. माझ्याकडे बघून म्हणाले, "समदं कळलं. पहिल्यांदाच. बाबा कुठंय, इचारती."

मी शिडी घेऊन नुसता उभा.

नाना उठले. फोन पुढं धरून आतल्या खोलीत गेले. मागोमाग मी, शिडीनं भिंतीवरचं कॅलेंडर पाडत. सचिनच्या टेबलाशी थांबून त्यांनी फोन वळवला. "किती चा बाबा." बाबाची खुर्ची. डिप्लोमाचं एक पुस्तक उचललं. "किताबू चा बाबा." मग पलंग, चादर ताणून घातलेला. "कितांडा चा बाबा." शेवटी टेबलावरचा कान तुटलेला कप. "किकोंबे चा बाबा." एवढ्यासाठीच तर वर्षभर घोकलं होतं. मी ज्याच्यावर लाडू खाल्ले तो मंत्र म्हणजे सचिनची खोली होती.

पोरगी फोनसमोरून नाहीशी झाली. नुसती रिकामी भिंत दिसत राहिली. "कट झाला काय?" नाना मला विचारत होते, आणि मला ते तपासायचंही सुचत नव्हतं.

तेवढ्यात ती पळत आली. दोन्ही हातांत एक मोठा निळा कप होता. तिनं तो वर धरला, तिच्या तोंडासमोर, आणि मागून आवाज आला, "किकोंबे चा बाबा!"

नानांनी आपला कान तुटलेला कप फोनच्या शेजारी धरला. एकदा या कपाकडे, एकदा त्या कपाकडे बघितलं.

"विकोंबे," ते म्हणाले.

"विकोंबे!" पोरगी हसली.

शिडी कुठं ठेवायची ते विचारायचं राहूनच गेलं. ती खांद्यावर घेऊन मी तसाच घरी आलो.