दोन माणसांची गाडी

फक्त दोनच माणसं बसू शकतील अशी मोटार शहादे तालुक्यात आणणारा पहिला माणूस मी! यात बढाई नाही. त्यानंतर दुसऱ्या कुणी आणलीच नाही, त्यामुळे पहिला मी आणि शेवटचाही मीच. लोक एवढे शहाणे का निघाले, ते पुढे कळेल.

त्याआधी आमच्याकडे एक ठेंगणी, चपळ विलायती गाडी होती. धावायला हरणासारखी! नंदुरबारच्या रस्त्यावर एकदा तिनं एस.टी.ला मागे टाकलं होतं. एस.टी.चं चाक पंक्चर होतं ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. पण या हरणाला एक खोड होती. तिला पाठीमागे एक दार होतं, वर उघडणारं. पुढच्या दारातून माणसं चढेपर्यंत मागच्या दारातून केळीचे घड, भुईमुगाची पोती आणि कुणाची तरी बकरी चढलेली असायची. माणसं बसायची, बकरी उभी राहायची. तिला बसायला जागा कधी मिळाली नाही.

माझ्या लग्नाला तेव्हा अकरा महिने झाले होते. एकसष्ट साल. घरात माणसं तेवीस, खोल्या पाच. बायकोशी चार शब्द बोलायचे तर गोठ्यात जावं लागे, तेही म्हशीच्या साक्षीनं. निर्मला नंदुरबारची, सातवी पास, हसली की डाव्या गालाला खळी पडते अशी. खळीबद्दल मला ऐकून माहीत होतं. पदराबाहेर ती फारशी आलेली नव्हती.

माझं मागणं काही फार नव्हतं. एकदा, फक्त एकदाच, निर्मलेला शेजारी बसवून प्रकाशाला जायचं. तापीच्या घाटावर गरम भजी खायची आणि परत यायचं. बस! यासाठी माणूस राजा असावा लागत नाही. पण घरात भिकु फुई नसावी लागते.

फुई म्हणजे माझी आत्या. पहिल्यांदा निघालो तेव्हा ती ओट्यावरच होती.

"कोठे चालनात?"

"प्रकाशाला, फुई."

"मी बी येस. देवनं दर्शन व्हई."

झालं! फुई आली, फुईची मैत्रीण आली, मैत्रिणीची बकरी आली. दुसऱ्यांदा निघालो तर लोटन आबांचा गुडघा दुखायला लागला. आबा म्हणजे माझे थोरले काका, घरातला शेवटचा शब्द. प्रकाशाला म्हणून निघालेली गाडी भलत्याच दिशेला चिंचपाड्याच्या दवाखान्यात पोचली. गुडघा वाटेतच बरा झाला होता.

दर वेळी निर्मला मागे, फुई आणि पोत्याच्या मध्ये. मी पुढे. समोरच्या आरशात मला दिसायचं ते एवढंच: पदराचा काठ, कुंकवाचा अर्धा टिळा आणि रस्त्यात खड्डा आला तर एक डोळा. अकरा महिने माझा संसार त्या आरशात तीन बोटं रुंद होता. खड्डे मी मुद्दाम शोधायचो.

आणि मग अक्कलकुव्याच्या बाजारात मला ती दिसली!

लाल. लांबट नाक. छप्पर कापडाचं, तेही मागे दुमडून ठेवलेलं. आणि आत जागा दोन! मोजून दोन! मागे दार नाही, मागे जागा नाही, मागे काहीच नाही. माझे डोळे भरून आले. गाडीजवळ गुजरातेतल्या कुठल्याशा विलीन झालेल्या संस्थानाचे बापूसाहेब उभे होते. गाडीच्या नाकावर तीन, मडगार्डांवर चार आणि चाकाशी दोन अशी त्यांची नऊ मुलं बसवलेली होती.

"विकायची आहे का?" मी विचारलं.

"बदलायची आहे," ते म्हणाले. "तुमच्या गाडीला मागे दार आहे ना?"

"आहे."

"किती जण मावतात?"

"बाजाराच्या दिवशी चौदा आणि बकरी."

बापूसाहेबांनी मला भर बाजारात मिठी मारली! गाडीला गाडी, जागच्या जागी अदलाबदल. नऊ मुलं मागच्या दारातून आत ओतून झाल्यावर ते माझ्या कानाशी आले.

"ही गाडी घेतली तेव्हा आम्ही दोघंच होतो. या गाडीनंच सगळा घोटाळा केला."

मी खो खो हसलो. ते हसले नाहीत.

गाडी गावात आली तेव्हा आबा तिच्याभोवती तीनदा फिरले.

"छप्पर कोठे गयं?"

"आबा, ही अशीच असते. उघडी."

"इतला मोठा राजा, अन् छप्पर टाकता उनं नही?" आबांना त्या राजघराण्याची मनापासून कीव आली.

तेवढ्यात फुई आली. मी सावध झालो. हे वाक्य मी अक्कलकुव्यापासून घोकत आलो होतो.

"फुई, ही फक्त दोघांची गाडी आहे. दोघांचीच!"

फुईनं गाडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा गाडीकडे पाहिलं.

"बरं शे," ती म्हणाली. "तू अन् मी."

आणि बसली!

महिनाभर मी आणि फुई त्या लाल गाडीतून वारा खात हिंडलो. लग्नं, बारशी, दहावं, तेरावं. शेजारच्या गावातल्या एका पोरानं तर मला विचारलं, "नवी वहिनी जरा वयस्कर वाटते, नाही?"

शेवटी फुईच्या कानात वारं भरलं आणि तिनं चार दिवस अंथरूण धरलं. देवा, तुझे उपकार! मी धावत गोठ्यात गेलो.

"निर्मला, चल! आत्ता! प्रकाशा!"

निर्मला वैरण टाकत होती. ती काही हलली नाही.

"मी कशी बठू?"

"का?"

"वेसवर जाईपावत सतरा ओटा शेतस. दरेक ओटावर एक सासरा."

मी मनातल्या मनात ओटे मोजले. सतराच होते! आणि प्रत्येकावर कुणीतरी आबा, अप्पा, नाना नाहीतर तात्या. तिच्या नात्यानं सगळे सासरेच. त्यांच्यासमोरून सून नवऱ्याच्या शेजारी बसून, तेही उघड्या गाडीत, मिरवत जाणार?

"पदर घे ना डोक्यावरून."

"गाडी जोरमा गई का पदर उडस. पदर धरू का गाडी धरू?" आणि मग ती हळूच म्हणाली, "मागली गाडीले छप्पर व्हतं."

वाचकहो, माणूस किती मूर्ख असू शकतो याला हद्द नाही. फुईला बसायला जागा राहू नये म्हणून मी गाडी बदलली, आणि बायकोला झाकणारं छप्परच काढून टाकलं! आता तर तीन बोटं आरसासुद्धा गेला. नव्या आरशात फक्त रस्ता दिसायचा. मागे जाणारा रस्ता. म्हशीनंसुद्धा मान फिरवली.

पण त्या दिवशी गोठ्यात आम्ही एक बेत केला. वैशाखात माझा चुलतभाऊ छगन याचं लग्न होतं, लोणखेड्याला. परतीच्या वाटेवर मळे आहेत, ओटा एकही नाही. वळणावर एक कडुलिंबाचं झाड आहे. निर्मला बायकांच्या बैलगाडीतून येणार, पायाला मुंग्या आल्या म्हणून लिंबाखाली उतरणार, "तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या गाडीत बसते" म्हणणार. आणि पाठीमागून मी येणार, रिकामी गाडी घेऊन! घाट नाही तर नाही, भजी नाहीत तर नाहीत. लिंबापासून वेशीपर्यंत तीन मैल. तीन मैल तर तीन मैल!

बेत पक्का झाला आणि दुसऱ्याच दिवशी आबा कडाडले.

"छगन घोडावर बठाव नही! घरमा इतली भारी गाडी शे. नवरदेव गाडीवर बठी. सारा गावले दिसनं पाहिजे!"

खरं होतं. नवरदेव दाखवायला तिच्यासारखी गाडी नाही. छप्परच नाही, अडवायला काय आहे? छगनला मागे दुमडलेल्या छपरावर बसवलं, हातात कट्यार दिली. शेजारच्या जागेवर फुई, मांडीवर दिवा घेऊन. "महिनाभर हाई जागा मन्ही शे," ती म्हणाली. पुढे बँड. तासाला नव्वद मैल पळायला जन्मलेली गाडी लोणखेड्यात सनईवाल्याच्या पावलानं अडीच तास चालली! वैशाखातलं ऊन. छगन वितळला, गाडी उकळली. नाकातून वाफ निघायला लागली तेव्हा बँडवाल्यांना वाटलं ही आमच्या वादनाची पावती, त्यांनी आणखी एक गाणं वाजवलं.

ठीक आहे, मी मनाशी म्हटलं. आता नवरदेव उतरेल, मी मोकळा.

नवरदेव उतरला. लग्न लागलं. आणि तो नवरीला घेऊन परत चढला! मला कसं सुचलं नाही? गाडीतून आलेला नवरदेव चालत जातो का कधी? छगन छपरावर, नवरी जागेवर, नवरीच्या अर्ध्या मांडीवर फुई, फुईच्या मांडीवर तांब्याचा हंडा. दोन माणसांच्या गाडीत चार माणसं आणि हंडा. बकरी तेवढी राहिली होती.

वळणावर लिंबाखाली निर्मला उभी होती. एकटी. बायकांची गाडी तिला सोडून पुढच्या विहिरीवर बैलांना पाणी पाजत थांबलेली. तिनं माझी गाडी पाहिली, पदर नीट केला, दोन पावलं पुढे आली. मग तिला छगन दिसला. नवरी दिसली. फुई दिसली. हंडासुद्धा दिसला.

मी थांबू शकलो नाही. काय सांगणार होतो थांबून? आरशात ती लहान लहान होत गेली. या गाडीच्या आरशात ती मला पहिल्यांदाच दिसली, आणि तीही अशी.

विहिरीजवळ पोचलो आणि गाडीनं एक लांब शिट्टी मारली, गचका दिला आणि मान टाकली.

आता मात्र सगळ्यांची धांदल उडाली. नवरीनं दिवस मावळायच्या आत उंबरठा ओलांडायला हवा! विहिरीवर आपली बैलगाडी घेऊन थांबलेल्या आबांनी पटापट हुकूम सोडले. छगन, नवरी, फुई, हंडा, सगळे बायकांच्या बैलगाडीत कोंबले. गाडी गच्च भरली आणि निघून गेली. मागे राहिलो मी, आबा, आबांची बैलगाडी आणि लाल मढं. आबांनी आपली बैलगाडी ओळखीच्या मळ्यात लावली, बैल सोडले आणि दोरखंडानं माझ्या गाडीला जुंपले. जगातल्या सगळ्यात वेगवान गाडीला जगातले सगळ्यात सावकाश बैल!

आणि तेवढ्यात धुळीतून निर्मला चालत आली.

"सूनबाई? तू काबर उतरनी?" आबा चक्रावले.

"पायले मुंग्या उन्यात, आबा."

आबा विचारात पडले. घर अडीच मैल. ऊन हे असं. पायाला मुंग्या आलेली सून चालणार कशी? बसायला जागा एकच, आणि तीही माझ्या शेजारी. आबांनी एकदा आभाळाकडे, एकदा बैलांकडे पाहिलं. मग कासरा हातात घेऊन ते बैलांच्या पुढे जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

"बठी जाय, बेटा. मन्ही पाठ शे तुम्हनाकडे. पाठले डोया नही ऱ्हातस."

निर्मला बसली!

बैल निघाले. वारा नव्हता, त्यामुळे पदर उडत नव्हता. उडत नव्हता तरी तो आपोआप बोटभर मागे सरकला. मी काय बोलणार होतो ते वर्षभर जमवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना! मी समोर पाहिलं, चाक धरलं आणि सवयीनं आरशात पाहू लागलो. धूळ. फक्त धूळ. तरी पाहतच राहिलो.

"आरशामा काय दखी ऱ्हायनात?" शेजारून आवाज आला. "मी आठे शे ना!"

खळी खरंच डाव्या गालाला पडते. ऐकलेली माहिती बरोबर होती.

अडीच मैल म्हणजे काय हो? बैल असले तरी संपतातच! लोणखेड्याचे मळे मागे पडले, गावचं शिवार लागलं. मग मी हळूच पाय ब्रेकवर ठेवला आणि दाबला. निर्मलेनं माझ्या पायाकडे पाहिलं. पदरात हसली.

पुढून आबा ओरडले, पाठ न वळवता, "मगन! हाई गाडी इतली जड कशी रे? बैलसना दम निंघी गया!"

"विलायती लोखंड आहे, आबा!"

वेशीजवळ निर्मला उतरली आणि सतरा ओट्यांसमोरून पदर घेऊन चालत घरी गेली. मी बैलांबरोबर.

पुढे गाडी दुरुस्त झाली. आणि पुढच्या वर्षी मी बापूसाहेबांना पत्र लिहिलं, की आपली बदलाबदली मोडता येईल का, कारण आता आमच्याकडे तिसरं माणूस आलं आहे. बापूसाहेबांचं उलट टपालानं कार्ड आलं: "बजावलं होतं. मागच्या दारातून आता दहा उतरतात. गाडी मिळणार नाही."

तेव्हा सध्या व्यवस्था अशी आहे. शेजारच्या जागेवर फुई, फुईच्या मांडीवर आमची लेक. निर्मला ओट्यावर. मी गाडी काढतो आणि आरशात पाहतो. पदराचा काठ, कुंकू, खळी, सगळं दिसतं, पण लहान लहान होत जातं. माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

"काय रे मगन," फुई म्हणते, "आते तं बैल बी नहीत. मंग गाडी इतली हळू कशी?"