दुपट्टा टाकून धरलेलं विमान

नातीचं नाव काय ठेवायचं, यावरून गुणवंतराव आणि गिरजाबाईंचं गडचांदूरला सुरू झालेलं भांडण नागपूरला विमानात बसल्यावरही मिटलं नव्हतं. गुणवंतरावांना 'सुजाता' हवं होतं, गिरजाबाईंना 'यशोधरा'. राजकोटच्या जावयाला बहीण नव्हती, म्हणून नाव ठेवायचा मान आजी-आजोबांकडे आला होता. बारसं उद्या सकाळी नऊला. तिकिटं जावयानेच पाठवली होती आणि मुंबईला विमान बदलायचं, असं पत्रात लिहिलंही होतं. पण निवृत्त हेडमास्तर दुसऱ्याचं पत्र वाचतात ते चुका काढायला.

मुंबई आली. आता विमान चहापाण्याला थांबणार, असं गुणवंतरावांनी तीस वर्षांच्या एस.टी.च्या अनुभवावरून ठरवलं आणि उतरताना खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही सीटांवर पसरून ठेवला. गडचांदूरच्या स्टँडवर दुपट्टा पडलेल्या सीटला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मग काचेतून विमान दिसेल अशी जागा धरून दोघं चहा घेत बसली.

तासाभराने लाउडस्पीकरवर त्यांची नावं पुकारली गेली. एकदा, दोनदा, तीनदा.

"आपलं नाव घेऊन राह्यले जी," गिरजाबाई म्हणाल्या.

"घेऊ दे. काऊन घाबरते वं? गाडी तं समोर उभी हाये. ड्रायवरबी चढला नाई अजून."

आणखी अर्ध्या तासाने ते चौकशीला गेले, तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमचं राजकोटचं विमान गेलं."

"कुठी गेलं? ते काय उभं हाये! माहा दुपट्टा हाये त्यात."

"ते आता नागपूरला परत जाणार."

"घ्या," गिरजाबाई म्हणाल्या. "दुपट्टा चालला घरी, आन् आपुन इथी."

मुलीला हसू आवरेना, पण ती कामाची होती. तिने दोन फोन फिरवले, यादी तपासली. "आज संध्याकाळच्या विमानात एकच जागा आहे. दुसरी उद्या दुपारी."

म्हणजे आज जो जाईल, तोच नाव ठेवील. हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं. गुणवंतरावांचा हात तिकिटाकडे गेलासुद्धा. पण गिरजाबाई भांडल्याच नाहीत, नुसत्या पदराने डोळे पुसत बसल्या. त्यांनी नातीला अजून पाहिलंही नव्हतं. गुणवंतरावांना स्वतःची भारी लाज वाटली. दुपट्टा त्यांचा, शहाणपणही त्यांचंच.

"तू जाय," ते म्हणाले. "आन् नाव तुह्याच मनातलं ठेव."

"सच्ची?"

"सच्ची."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतराव दादरच्या एका भांड्यांच्या दुकानात उभे होते. नातीसाठी त्यांनी स्टीलची वाटी घेतली आणि नाव घालणाऱ्याला बजावलं, "यशोधरा. अक्षर गोल काढा भाऊ." तिकडे पाळणा हलत असेल, या विचाराने त्यांना जरा वाईट वाटलं; पण विमानात मनातल्या मनात म्हणत गेले तसं ते नाव त्यांना आवडायलाच लागलं.

"कुठी हाये माही यशोधरा?" राजकोटला पोहोचताच दारातूनच त्यांनी हाक मारली.

लेक कांता म्हणाली, "बाबा, आईनं सुजाता ठेवलं."

"काऊन?"

"तुमी मले सीट देल्ली," गिरजाबाई म्हणाल्या. "म्या म्हटलं, नाव तरी तुमच्या मनातलं राहू द्या."

गुणवंतराव हातातली वाटी हळूच पिशवीत सरकवू लागले. गिरजाबाईंनी ती काढून घेतली, अक्षर न् अक्षर वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मग ती वाटी त्यांनी लेकीच्या हातात दिली.

"जपून ठेव वं कांता. दुसरीले लागंन."

जावई पाणी प्यायला उठून आत गेला.