खरे गुण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीतल्या तक्रार विभागाचे प्रमुख दरवर्षी आपल्या तिन्ही माणसांना डोळे मिटून पाचापैकी चार गुण देत. चारावर कुणी भांडायला येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. यंदा मात्र कंपनीने सगळ्या प्रमुखांना गुण द्यायचं रीतसर प्रशिक्षण दिलं. एक प्रशिक्षिका पडद्यावर कामाचे प्रसंग दाखवायची आणि गुण विचारायची.

"सर, हा माणूस ग्राहकावर खेकसतोय. आणि तुम्ही चार दिलेत?"

"दमला असेल हो."

"दमणं बघायचं नाही. काम बघायचं."

हे प्रमुखांच्या मनाला लागलं. परत येऊन त्यांनी खरे गुण दिले. फोन घेणाऱ्या बाई बंद लिफ्टमध्ये घामाघूम झालेल्या माणसालाही हसवत, त्यांना पाच. जुने कारकून मामा यांच्या टेबलावरची तक्रार वयात आल्याशिवाय पुढे सरकत नसे, त्यांना दोन. नवं लग्न झालेला कारकून, ज्याला सगळे नवरदेव म्हणत, ऑफिस सुटण्याच्या तासभर आधीच पिशवी आवरून बसे, त्यालाही दोन.

नवल म्हणजे कुणीच भांडलं नाही. पण बाईंचे पाच गुण पाहून मुख्य कार्यालयाने त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं. "साहेब, तुमचे उपकार विसरणार नाही," म्हणताना बाईंचे डोळे भरून आले. प्रमुखांचेही आले, पण कारण वेगळं होतं. मागोमाग दोन गुणवाले दोघे नियमाप्रमाणे सुधारणा वर्गाला गेले. विभागात उरले प्रमुख आणि फोन.

"अहो, मघापासून लिफ्टमध्ये अडकलोय. दुसऱ्या कुणाला तरी द्या ना फोन."

"दुसराही मीच आहे," प्रमुख म्हणाले.

"जेवताय की झोपताय?" रात्री बायकोने विचारलं.

"जे आधी होईल ते."

अखेर मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं. प्रशिक्षण त्यांचंही झालं होतं.

"हाताखालच्यांकडून काम करून घेणं. एक गुण."

"हाताखाली कुणी नाहीच, साहेब."

"तेच म्हणतोय. एक बाई होत्या, त्या टिकल्या नाहीत. बाकीचे तयार झाले नाहीत. तुम्हीही वर्गाला जा. फोनचं मी बघतो. त्यात काय एवढं?"

प्रमुख मान खाली घालून वर्गात शिरले. मागच्या रांगेतून मामांनी हात केला.

"या साहेब. इथे वारं लागतं, आणि प्रश्न इथवर पोचत नाहीत."

ते टेकतात न टेकतात तोच खिशातला फोन थरथरला. मोठे साहेब होते. थांबला, पुन्हा थरथरला.

"वर्गात फोन बंद ठेवायचा असतो," मामा हळूच म्हणाले. "नियम आहे."

प्रमुखांनी नियम पाळला, आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत गाढ झोपले.