तिहामेरने वेचलेलं एकच अळंबं

सासूबाईंच्या टेबलावर तोंड उघडायचं ते घास घालण्यापुरतंच, हा नियम तिहामेरने नऊ वर्षं इमानेइतबारे पाळला होता. त्या गुरुवारी त्याने तो मोडला आणि नसती आफत ओढवून घेतली.

विषय निघाला होता हंडीचा. सासरे वसंतात गेले आणि त्यांची लोखंडी हंडी मागे राहिली. दर पानगळीला ते शहरालगतच्या बुडा नावाच्या डोंगरातून स्वतः अळंबी वेचून आणत, ही हंडी अंगणात विस्तवावर टांगत आणि पाप्रिका म्हणजे लाल गोडसर मिरचीपूड घालून असा रस्सा करत की शेजारी कुंपणावरून विचारपूस करायला येत (वाडगी घेऊन). आता ती हंडी कुणाला तरी द्यायची होती.

"गेर्गोला देते," एतेल्काबाई म्हणाल्या. गेर्गो हा त्यांचा मुलगा, म्हणजे तिहामेरचा मेहुणा. "त्याला निदान जंगलात जाऊन परत तरी येता येतं."

गेर्गो हंडीत माती भरून जिरेनियमचं फुलझाड लावणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने आजवर बादली, किटली आणि एक वॉशिंग मशीनसुद्धा सोडलेलं नव्हतं. त्या घरात तिहामेरला विस्तवाजवळ उभं राहू देणारा एकच माणूस होता, तो म्हणजे सासरे. ती हंडी त्याला मनापासून हवी होती.

"अळंबी काय, मीही आणीन," तो बोलून गेला.

त्याच्या बायकोचा, पिरोश्काचा चमचा हवेतच राहिला. "तू? अरे, तुला कोबीसुद्धा पाटी वाचून घ्यावा लागतो!"

"बोलू दे गं त्यांना," एतेल्काबाई म्हणाल्या. (एरवी त्या जावयाला 'तू' म्हणत. मान द्यायला लागल्या की समजावं, आता धडगत नाही.) "जावईबापू, शनिवारी टोपलीभर अळंबी आणा, हंडी तुमची. नाहीतर रविवारी गेर्गो गाडी घेऊन येतोच आहे."

तिहामेर ट्रामच्या डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर कारकून होता. वस्तू आपण शोधायच्या नसतात, त्या आपोआप आपल्यासमोर येतात, अशी त्याची पंधरा वर्षांची समजूत. जंगलाला ती ठाऊक नव्हती. शनिवारी चार तास पायपीट करून त्याला एक डाव्या हाताचा मोजा सापडला (त्याची नोंद करायला हात शिवशिवले) आणि एक अळंबं. होतं मात्र देखणं! फिकट हिरवट टोपी, गोरापान देठ, गळ्याला झालर.

एका अळंब्यावर हंडी मिळत नाही. परतताना तो बाजारपेठेत शिरला. तिथे रोझालिया नावाची खेड्यातली बाई जंगलातली जाड देठाची तपकिरी अळंबी विकत होती. अशी अळंबी विकायची तर आधी बाजारातल्या तपासनीस बाईंच्या टेबलावरून पास व्हावी लागतात. त्यांची चिठ्ठी तिच्या करंडीला टोचलेली होती. तिहामेरने करंडीच रिकामी केली. मग बाकावर बसून अळंब्यांना कुंडीतली माती चोळली, वर सुकी पानं पेरली आणि मधोमध आपलं हिरवट अळंबं मानाने बसवलं. एवढं मन लावून त्याने कचेरीतही कधी काम केलं नव्हतं.

टोपली पाहून एतेल्काबाईंचे डोळे भरून आले. "अगदी हे आणायचे तशी," त्या हळूच म्हणाल्या. तिहामेरला लाज वाटली. पण हंडी खुंटीवरून निघून टेबलावर आली होती, त्यामुळे लाज फार वेळ टिकली नाही.

तेवढ्यात बाईंनी कोट चढवला. "चल."

"कुठे?"

"तपासून आणायला. ह्यांनी चाळीस वर्षं अळंबी आणली, पण चिठ्ठीशिवाय एकही हंडीत पडलं नाही."

"राहू द्या ना आई. गुडघे दुखतात तुमचे. गर्दी असेल. तपासनीस बाई रजेवर असतील!"

तपासनीस बाई रजेवर नव्हत्या. गिझेलाबाईंनी चष्मा नाकावर ओढला, वरचं हिरवट अळंबं चिमटीत धरलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे विषारी आहे. हे खाऊन माणूस वाचला तर नशीब. एक जरी निघालं तरी सगळी टोपली कचऱ्यात." त्यांनी खालचं एक उचललं आणि थबकल्या. "थांबा. हा काप तर माझ्या चाकूचा, तपासताना दिलेला. ही मी सकाळी सातला पास केलीत. रोझालिया! इकडे ये आधी! माझ्या चिठ्ठीच्या आड विषारी खपवतेस? तुझा परवाना मी आत्ताच्या आत्ता काढून घेते."

रोझालिया धावत आली ती रडतच. "बाई, देवाशपथ, ते माझं नाही! अहो, ह्यावर माझं घर चालतं!" तेवढ्यात तिला तिहामेर दिसला. "साहेब, तुम्ही तरी सांगा! तुम्हीच ना मघाशी सगळी घेतलीत?"

एतेल्काबाईंनी मान वळवून जावयाकडे पाहिलं. तिहामेर माणूस भित्रा होता, पण वाईट नव्हता. त्याने एकदा डोळे मिटून हंडीला निरोप दिला.

"ह्यांना काही करू नका. ते माझं आहे."

"कोणतं तुझं?" सासूबाईंनी विचारलं.

"विषारी आहे ते. तेवढं एकच मी वेचलं. बाकीची चांगली सगळी विकतची."

मग एतेल्काबाईंनी गिझेलाबाईंना शांतपणे विचारलं, "किती जणांना पुरलं असतं हो?"

"रस्सा खाणाऱ्या सगळ्यांना."

रविवारी गेर्गो गाडी घेऊन आला आणि हंडी घेऊन गेला. सोमवारी तिच्यात जिरेनियम लागलं.

इतका सुबक नमुना सहसा मिळत नाही, म्हणून गिझेलाबाईंनी ते अळंबं काचेच्या बरणीत घालून लोकांना सावध करायला टेबलावर मांडलं आणि शिस्तीप्रमाणे खाली वेचणाऱ्याचं नाव लिहिलं. पुढच्या शनिवारी तिहामेर कोबी आणायला गेला, तर त्या टेबलाशी एतेल्काबाई दोन शेजारणींना घेऊन उभ्या.

"हे आमच्या जावयाचं," त्या सांगत होत्या. "जन्मात एकच अळंबं वेचलं बिचाऱ्याने, आणि तेही खास माझ्यासाठी."