रॉकेट इथंच कुठंतरी आहे!

"आजपर्यंत माझी रॉकेटं हरवली असतील, पण आज हरवणं शक्यच नाही!"

वेंडेल श्रागने सकाळी सकाळीच रॉकेट क्लबच्या तंबूत जाहीर करून टाकलं. हातात बीरॉक होता, कोबी आणि खिमा भरलेला पाव. बोलण्याच्या भरात त्याने तो इतक्या जोरात हलवला की निम्मा कोबी डुएनच्या कोटावर जाऊन बसला.

डुएन म्हणजे गुरांचा निवृत्त डॉक्टर आणि वेंडेलचा शाळेपासूनचा मित्र. त्याने कोबी शांतपणे झटकला. वेंडेलची रॉकेटं कुठं कुठं गेली हे त्याला पाठ होतं. एक तळ्यात. एक चर्चच्या छपरावर, तेही ऐन प्रार्थनेच्या वेळी! आणि एक विजेच्या तारांवर, ज्याच्यामुळे अर्ध्या गावाला रात्री थंड सँडविच खावं लागलं होतं.

"आज काय वेगळं आहे?" डुएनने विचारलं.

वेंडेलने खिशातून काडेपेटीएवढी काळी डबी काढली. "हा ट्रॅकर. रॉकेटच्या टोपीत बसवायचा." मग त्याने तंबूच्या कोपऱ्यातून पूर्वी घरांच्या छपरावर असायचा तसला अँटेना उचलला. अगदी माशाचा काटा! "आणि हा हातात धरून फिरायचं. डबीच्या दिशेला वळला की पीं पीं. जवळ गेलं की आणखी जोरात पीं पीं. आंधळ्यालासुद्धा सापडेल!"

"आणि पॅराशूट अर्डिथचंच लावतोयस?"

"तिचंच."

अर्डिथ वेंडेलची बायको. आजारपणातल्या शेवटच्या हिवाळ्यात तिने जुना नारिंगी तंबू कापून हे पॅराशूट शिवलं. त्याच तंबूत दोघांनी संसारातल्या सगळ्या सुट्ट्या काढल्या होत्या. औषध घ्यायची, शिवायची, झोपायची, उठून पुन्हा शिवायची. ते उडताना बघायला काही ती राहिली नाही. तेव्हापासून पॅराशूट कपाटात होतं.

"घरी ठेव, वेंडेल," डुएन म्हणाला. "गेलं तर दुसरं कोण शिवणार?"

"अरे, जाऊ नये म्हणून तर ट्रॅकर आणला! कपाटात ठेवायला शिवलं होतं का तिने?"

डुएनने त्याच्यासाठी तंबूचा पडदा बाजूला धरला.

वेंडेल आपलं माणसाएवढं लाल रॉकेट खांद्यावर टाकून माळावर गेला. रॉकेट उडवायच्या उभ्या रुळावर चढवलं, बाजूचा छोटा कॅमेरा चालू केला, टोपीतला पट्टा घट्ट आवळला, टोपी बसवली आणि छाती काढून परत आला.

पाच, चार, तीन, दोन, एक!

धडाड! रॉकेट असं सुटलं, जणू अख्ख्या कॅन्ससमध्ये ते सगळ्यांचं देणं लागत होतं! पांढरी रेघ वर गेली, आणखी वर गेली आणि थेट सूर्यात शिरली. सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले.

"कुठं गेलं?"

"पूर्वेला!"

"छे, पश्चिमेला! मी नारिंगी काहीतरी पाहिलं!"

"ती शाळेची बस होती!"

वेंडेल मात्र गालातल्या गालात हसत होता. त्याने ऐटीत अँटेना उचलला आणि त्याला जोडलेलं यंत्र चालू केलं.

पीं! पीं! पीं! पार कानठळ्या!

"बघितलंत? जवळच आहे!" त्याने अँटेना पूर्वेला वळवला. पीं पीं! पश्चिमेला वळवला. पीं पीं! जमिनीकडे धरला, डुएनकडे धरला. पीं पीं पीं!

"सगळीकडूनच वाजतंय की रे," डुएन म्हणाला.

"ताकदीचं यंत्र आहे!" असं म्हणून वेंडेल समोरच्या ज्वारीत घुसला. मागून डुएन काहीतरी ओरडला, पण त्या पीं पीं मध्ये ऐकू कुणाला येतंय! आणि फोन? तो वेंडेलच्या गाडीत, काचेपाशी आरामात ऊन खात पडला होता.

ज्वारी कमरेच्या वर. वेंडेल दहा पावलं चालला, जवळच! शेत अर्धं ओलांडलं, तरी जवळच! ओढ्यात उतरला, बूट भरले, पलीकडे चढला. रॉकेट अजूनही जवळच! असं इमानदार रॉकेट त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. पण दिसेना. ज्वारीत शोधायला तरी कुठं? आणि कापणीत यंत्राखाली आलं तर अर्डिथच्या शिवणीचं काय राहील?

"अहो! माझ्या ज्वारीत टीव्ही लावताय का?"

रस्त्यावर एक पिकअप उभी होती. खिडकीत शेताची मालकीण, लव्होन. शेजारच्या सीटवर पिंपाएवढी जाडी कुत्री, डचेस. वेंडेलने धापा टाकत सगळं सांगितलं. लव्होनला दया आली.

"बसा. डचेस, सरक."

डचेस सरकली नाही. वेंडेल उरलेल्या चार बोटांच्या जागेत बसला, अँटेना खिडकीबाहेर काढला. गाडी निघाली. शेत मागे गेलं, पुढचं शेतही मागे गेलं. पीं पीं पीं!

वेंडेल मनात हिशेब करू लागला. गाडी पळतेय आणि रॉकेट तेवढंच जवळ? म्हणजे रॉकेटसुद्धा गाडीतच! त्याने मागे बघितलं. मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली काहीतरी लांब, गोल झाकलेलं.

"गाडी थांबवा, बाई," तो करड्या आवाजात म्हणाला. "ताडपत्रीखाली काय आहे?"

"पाण्याचा पाइप. का?"

"दाखवा."

"म्हणजे मी चोर? फुकटात लिफ्ट घ्यायची आणि वर झडती?" लव्होनने खाली उतरून ताडपत्री फर्रकन ओढली. पाइप होता. वेंडेलने पाइपाच्या आत डोकावून पाहिलं. पलीकडून त्याला लव्होनचा डोळा दिसला. तो डोळा फारसा प्रेमळ नव्हता!

वेंडेल तोंड पाडून पुन्हा गाडीत शिरला. अँटेना चुकून डचेसच्या पोटावर टेकला. पीं पीं पीं!

"बाई, ही काय काय खाते?"

"काहीही. गेल्या वर्षी मोजा खाल्ला होता. ऑपरेशन करावं लागलं."

"मग... माझा ट्रॅकर हिच्या पोटात आहे."

"काय असतं त्यात?"

"बॅटरी."

"बॅटरी!" लव्होनचा चेहरा पांढरा पडला. "अहो, हिच्याशिवाय घरात माझं कुणी नाही!"

"आमच्या तंबूत डॉक्टर आहे! डुएन!"

"हिचा मोजा काढला तोच डुएन?"

गाडी अशी उडाली की रॉकेटने लाजावं! डचेसला एवढी गंमत बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. तिने वाटेत वेंडेलचा कान चाटला. माळावर धूळ उडवत गाडी थेट तंबूला टेकली.

"डॉक्टर! हिच्या पोटात बॅटरी आहे!" लव्होन ओरडली.

सगळा क्लब लॅपटॉपभोवती उभा होता. आणि मागच्या टेबलावर, नुसतं धुळीने माखलेलं, लाल रॉकेट! शेजारी घडी केलेलं नारिंगी पॅराशूट.

"तू ज्वारीत घुसलास आणि हे तंबूच्या मागे उतरलं," डुएन म्हणाला. "किती हाका मारल्या, लेका!"

वेंडेल आधी पॅराशूटकडे धावला. सगळ्या शिवणींवरून त्याने बोट फिरवलं. एकही टाका उसवला नव्हता. मग त्याला डचेस आठवली.

"पण मग ट्रॅकर..."

"कॅमेऱ्यात बघ."

पडद्यावर आधी एक प्रचंड नाक आलं. वेंडेलचंच. मग त्याचा आवाज आला. पण दोन प्रकारे. एकदा बारीक, बायकी: "कॅमेरा?" मग स्वतःचा: "चालू!" बारीक: "ट्रॅकर, वेंडेल?" स्वतःचा: "लावला गं, लावला!" आणि ते म्हणता म्हणता पडद्यावरच्या हाताने काळी डबी छातीवरच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं!

वेंडेलने छातीवरचं बटण काढलं. ट्रॅकर बाहेर आला. पीं! पीं!

मग जो हशा झाला! डचेस भुंकायला लागली, लव्होन तिच्या गळ्यात पडली, डुएनला खुर्चीत बसावं लागलं.

"ती बारीक आवाजाची कोण?" लव्होनने डोळे पुसत विचारलं.

"माझी बायको," वेंडेल म्हणाला. "म्हणजे मीच. ती असताना अशी यादी विचारायची. आता दोघांचं मीच बोलतो."

"पण अर्डिथ 'लावला'वर कधी थांबायची नाही," डुएन म्हणाला. "ती म्हणायची, 'दाखव.'"

"ते मी गाळतो," वेंडेल ओशाळून म्हणाला. "दाखवायला कंटाळा येतो."

डुएनने चित्रफीत पुढे नेली. निळं आभाळ, आणि त्यात टच्च फुगलेला नारिंगी तंबू, हळूहळू गोल फिरत. वेंडेलने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

उन्हं उतरल्यावर तो रॉकेट गाडीत ठेवायला निघाला.

"गाडीची किल्ली आहे ना?" लव्होनने सहज विचारलं.

"आहे की!"

"दाखवा."

वेंडेलने खिसा चाचपला. दुसरा चाचपला. तिसरा. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू रॉकेटच्या टोपीकडे वळल्या.

डुएनने टोपी उघडली. आत, पट्ट्याने घट्ट बांधलेली, नऊ हजार फूट उंच जाऊन आलेली वेंडेलची किल्ली होती!